एका अक्षराचा आजार, अठरा कोटींचं औषध

८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या दोन जनुकीय उपचारांना एकाच दिवशी मान्यता दिली. त्यांपैकी ‘कॅसजेव्ही’ हा क्रिस्पर तंत्र वापरणारा जगातला पहिला मान्यताप्राप्त उपचार. ब्रिटनने त्याला तीन आठवडे आधीच परवानगी दिली होती. अमेरिकेत त्याची किंमत ठरली २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने अठरा कोटी रुपयांहून जास्त. ‘लिफजेनिया’ या दुसऱ्या उपचाराची किंमत तर ३१ लाख डॉलर.

आता आजाराचा पत्ता पाहू. सिकलसेल घेऊन जन्मणारी बाळं जगात सर्वाधिक आहेत ती नायजेरिया, काँगो आणि भारतात. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती आणि पलीकडे सातपुड्यातलं नंदुरबार या पट्ट्यात त्याने पिढ्यानपिढ्या ठाण मांडलं आहे. औषध एका टोकाला आणि बहुसंख्य रुग्ण दुसऱ्या टोकाला, असा हा मामला. जनुकविज्ञान आपल्या आयुष्यात काय बदलतं आणि काय बदलू शकत नाही, हे समजून घ्यायचं तर सिकलसेलपासून सुरुवात करावी. जनुक वाचणं, त्यावरून निदान करणं आणि शेवटी जनुकातच फेरफार करणं, या तिन्ही पायऱ्या या एका आजारात दिसतात.

चूक नेमकी कुठे होते?

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएच्या रूपाने जी माहिती असते, तिला जनुकसंच किंवा जीनोम म्हणतात. ही माहिती चारच अक्षरांत लिहिलेली असते: अ‍ॅडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. आईकडून आलेल्या एका संचात अशी सुमारे तीनशे कोटी अक्षरं असतात आणि वडिलांकडून आलेल्या संचात जवळजवळ तितकीच. प्रथिनं बनवण्याचा आदेश देणारी जनुकं मात्र वीस हजारांच्या आसपासच आहेत.

त्यांपैकी एक जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. रक्तातला प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनची ‘बीटा’ साखळी या जनुकाच्या आदेशावरून तयार होते. ही साखळी १४६ अमिनो आम्लांची. सिकलसेलमध्ये तिच्या आदेशातलं एक अक्षर बदललेलं असतं, अ‍ॅडेनीनच्या जागी थायमीन. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसतं. बाकी सगळं जागच्या जागी असतं.

पण व्हॅलिनचा स्वभाव वेगळा. ते पाण्यापासून दूर राहू पाहतं आणि शेजारच्या रेणूला चिकटतं. फुप्फुसातून निघालेलं रक्त शरीरभर प्राणवायू सोडून रिकामं झालं, की असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना जुळून लांबलचक, ताठर दोरे बनतात. गोल, लवचीक तांबडी पेशी त्या दोऱ्यांमुळे ताणली जाऊन विळ्याच्या आकाराची होते. अशा कडक पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. हाडं, सांधे, पोट, छाती, जिथे पेशी अडकतील तिथे कळा सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस टिकते, ही दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त राहत नाही, डोळे पिवळे दिसतात. पाणथरी निकामी होत जाते आणि साधा जंतुसंसर्गही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. काहींना पक्षाघाताचा झटका येतो.

हे सगळं विज्ञानाला टप्प्याटप्प्याने कळत गेलं. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी कॅरिबियन बेटांवरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्याची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की या रुग्णांचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकतं, म्हणजे दोष रेणूतच आहे. आजाराचं मूळ एका रेणूत सापडण्याची ही पहिली वेळ. पुढे १९५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इनग्राम यांनी तो दोष एका अमिनो आम्लापर्यंत नेऊन भिडवला. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत ही पेशी आढळली. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. विदर्भाचं नाव या आजाराशी जोडलं गेलं ते तेव्हापासून.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. दोन्ही प्रतींत बदल असेल तर ती व्यक्ती रुग्ण, आरोग्य खात्याच्या भाषेत ‘एसएस’. एकाच प्रतीत बदल असेल तर ती वाहक, म्हणजे ‘एएस’. वाहकाची दुसरी प्रत पुरेसं चांगलं हिमोग्लोबिन बनवते. त्याला सहसा कसला त्रास नसतो आणि औषधाचीही गरज नसते. तो शेतात राबतो, खेळतो, पूर्ण आयुष्य जगतो. बहुतेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसतं.

मग हा घातक बदल इतक्या पिढ्या टिकला कसा? या प्रश्नाचं उत्तर हिवतापात आहे. आफ्रिकेत काम करणाऱ्या अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवलं, की वाहकांना हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. ज्या जंगलपट्ट्यात हिवताप मुलांचे बळी घेत होता, तिथे वाहक मुलं अधिक संख्येने जगली आणि त्यांच्याबरोबर तो बदलही पुढच्या पिढीत गेला. महाराष्ट्रात हिवतापासाठी आजही गडचिरोलीचंच नाव आधी घेतलं जातं, यावरून या दोन आजारांचा भूगोल ध्यानात यावा. आदिवासी समाजांत सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. विदर्भात तो अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीयांतही आढळतो. एखाद्या समाजाच्या वागण्याचा, स्वच्छतेचा किंवा पूर्वजन्मीच्या कर्माचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

घराघरांत गोंधळ होतो तो पुढच्या हिशेबात. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक. ‘पहिलं मूल आजारी निघालं, म्हणजे आता पुढची तीन चांगली होणार’ असा अर्थ लोक काढतात आणि फसतात. निसर्ग मागचा हिशेब ठेवत नाही. दर खेपेला तीच शक्यता नव्याने उभी राहते. जोडप्यातला एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्याचं हिमोग्लोबिन सर्वस्वी ठीक असेल, तर सिकलसेलचा रुग्ण जन्मत नाही. मात्र दुसऱ्याकडे थॅलेसेमियाचा वाहकपणा असेल तर धोका राहतो, म्हणून तीही तपासणी हवी.

सगळा जनुकसंच वाचून काय मिळालं?

मानवी जनुकसंच वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि एप्रिल २००३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. खर्च सुमारे २७० कोटी डॉलर. तरीही तेव्हा आठ टक्के भाग वाचायचा राहिला होता, तो २०२२ मध्ये वाचून झाला. या प्रकल्पात अमेरिका, ब्रिटन, जपान, फ्रान्स, जर्मनी आणि चीन होते. भारत नव्हता. आज एका माणसाचा जनुकसंच हजार डॉलरच्या आत वाचता येतो.

सिकलसेलमधली चूक तर या प्रकल्पाच्या कितीतरी आधी सापडली होती. मग इतका पसारा वाचून रुग्णाच्या पदरात काय पडलं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या डॉ. जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं, की नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फारशा बनत नाहीत. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन निराळं असतं. त्यात बीटा साखळीच नसते, तिच्या जागी ‘गॅमा’ साखळी असते. जन्मानंतर सहा महिन्यांच्या आसपास हे गर्भातलं हिमोग्लोबिन मागे पडतं, बीटा साखळीचं हिमोग्लोबिन त्याची जागा घेतं आणि आजार डोकं वर काढतो. याउलट ज्या थोड्या लोकांत गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही टिकून राहतं, त्यांना सिकलसेलचा त्रास कमी होतो.

म्हणजे उपाय शरीरातच होता, फक्त तो बंद करणारा खटका सापडत नव्हता. हजारो माणसांचे जनुकसंच शेजारी ठेवून, कुणात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त आणि त्यांच्या कोणत्या अक्षरांत फरक, अशी तुलना करणं शक्य झालं, तेव्हा बोट दुसऱ्या गुणसूत्रावरच्या ‘बीसीएल-११-ए’ या जनुकाकडे गेलं. हे जनुक गॅमा साखळी दाबून ठेवतं, हे २००८ मध्ये हार्वर्डच्या विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने सिद्ध केलं. पंधरा वर्षांनी आलेलं अठरा कोटींचं औषध याच शोधावर उभं आहे. एकेका आजाराची चूक आधीही सापडत होती. सगळा संच वाचल्यामुळे त्या चुकीला वळसा घालायची वाट सापडली.

कात्री चालते ती अशी

जिवाणूंवर विषाणू हल्ला करतात, तेव्हा जिवाणू आधी येऊन गेलेल्या विषाणूच्या डीएनएचे तुकडे जपून ठेवतात आणि तोच विषाणू पुन्हा आला की त्याचा डीएनए ओळखून कापतात. या यंत्रणेला क्रिस्पर म्हणतात. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की तिला हवी ती अक्षरं शोधून कापायला लावता येतं. आठ वर्षांत दोघींना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

कॅसजेव्ही उपचारात रुग्णाला आधी औषध देऊन अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी रक्तात आणतात आणि यंत्राने त्या वेगळ्या काढतात. पुरेशा पेशी मिळायला हे एकाहून अधिक वेळा करावं लागू शकतं. पेशी प्रयोगशाळेत जातात. तिथे ही क्रिस्परची कात्री सिकलसेलच्या चुकलेल्या अक्षराला हात लावत नाही. बीसीएल-११-ए हे जनुक तांबड्या पेशींत चालू ठेवणारा छोटासा भाग तेवढा ती तोडते. पेशी तयार होऊन परत यायला काही महिने लागतात. मग रुग्णाला जबर केमोथेरपी देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करतात आणि बदललेल्या पेशी शिरेवाटे सोडतात. पुढचे काही आठवडे तो जंतुसंसर्गापासून जपत रुग्णालयात काढतो. केमोथेरपीमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, हेही त्याला आधीच सांगावं लागतं.

निकाल मात्र लक्षणीय आहे. चाचणीत पुरेसा काळ पाहणी झालेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने तीव्र वेदनांचा एकही झटका आला नाही. वर्षातून अनेकदा रुग्णालय गाठावं लागणाऱ्या माणसासाठी ही मुक्ती आहे. फक्त ती मिळण्यासाठी अद्ययावत प्रयोगशाळा, अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचं केंद्र, महिनोन्‌महिने सवड आणि तो खर्च सोसणारं कुणीतरी लागतं. गडचिरोलीतल्या भामरागडहून किंवा नंदुरबारमधल्या अक्कलकुव्याहून तिथवरचा रस्ता लांबचा आहे.

भारताचा रस्ता

हा खर्च कमी होऊ शकतो का? रक्ताच्या कर्करोगाच्या बाबतीत एक उत्तर मुंबईत मिळालं आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून तयार झालेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत कर्करोगाची पेशी ओळखणारं जनुक घालून त्या परत सोडतात. परदेशात ज्या उपचाराला तीन-चार कोटी लागतात, तो इथे चाळीस लाखांच्या आसपास आला. सामान्य घराला हेही परवडणारं नाही, पण देशात काम केलं तर किंमत उतरते हे त्याने दाखवलं.

सिकलसेलसाठी दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ जीनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायोलॉजी या संस्थेने स्वतःची क्रिस्पर पद्धत विकसित केली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये बिरसा मुंडा यांच्या नावाने ‘बिरसा १०१’ असं तिचं नामकरण झालं आणि पुढच्या कामासाठी तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आलं. चाचण्यांचे टप्पे पार करून ती दवाखान्यापर्यंत येईल तेव्हा येईल, पण दिशा योग्य आहे. दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचण्याचा ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पही महत्त्वाचा, कारण जगातली जनुकीय माहिती आजवर प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांची होती. त्यावरून आपल्याकडच्या आजारांचे अंदाज बांधणं धोक्याचं. सिकलसेलच्याच बाबतीत पाहा. भारतीय रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन तुलनेने जास्त असतं, म्हणून इथला आजार सौम्य, असं बराच काळ मानलं गेलं. विदर्भातल्या डॉक्टरांचा अनुभव मात्र निराळा आहे. तिथे वारंवार दाखल होणारी, गंभीर आजारी मुलं कमी नाहीत.

स्वस्त पायरी

अठरा कोटींचा उपचार काचेमागे असला, तरी याच ज्ञानातून निघालेल्या साध्या गोष्टी आज गावात पोहोचू शकतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट.

गावपातळीवरची विद्राव्यता चाचणी पाहण्यासारखी असते. बोटाला सुई टोचून काढलेलं थोडंसं रक्त नळीतल्या द्रावणात मिसळतात. द्रावणातली रसायनं तांबड्या पेशी फोडून हिमोग्लोबिनमधला प्राणवायू काढून घेतात. काही मिनिटांनी ती नळी काळ्या रेघा मारलेल्या कागदासमोर धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर अहवाल नकारात्मक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकल हिमोग्लोबिन आहे. शरीरात पेशी वाकवणारी जी घडामोड, तीच इथे नळीत डोळ्यांनी दिसते. मात्र ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठीही ती उपयोगाची नाही, कारण त्याच्या रक्तात गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं. म्हणून गढूळ आलेल्या नमुन्याची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की तपासणी करावीच लागते. अर्धवट अहवाल हातात देऊन घरी पाठवणं म्हणजे घरादाराला विनाकारण घोर लावणं.

रुग्ण वेळेत ओळखला गेला, की बरंच काही करता येतं. बाळाला पेनिसिलीन आणि न्यूमोकोकसची लस देऊन जीवघेणा संसर्ग टाळता येतो. हायड्रॉक्सियुरिया हे जुनं, स्वस्त औषध गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं, म्हणजे महागडी कात्री जे साधते त्यातला काही भाग एक गोळी साधते. किलोमागे रोज दहा मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेतही मुलांचे वेदनांचे झटके कमी होतात, हे नागपूरच्या डॉक्टरांनी शास्त्रीय चाचणी घेऊन दाखवलं आहे. तीव्र थंडी आणि अतिश्रम टाळणं, भरपूर पाणी पिणं, ताप आल्यास तडक दवाखाना गाठणं, हे त्याच्या जोडीला. सिकलसेल रुग्णांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं संरक्षणही आहे.

वाचता येतं म्हणून

जनुक वाचता येऊ लागलं, की प्रयोगशाळेबाहेरचे प्रश्न सुरू होतात. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला गरोदरपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना तपासून बाळाविषयी जाणून घेता येतं. कायदा हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी ही मुभा देतो, गर्भाचं लिंग सांगायला मात्र सक्त मनाई करतो. महाराष्ट्राने असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला, कारण गर्भजलाच्या परीक्षेचा काय गैरवापर झाला हे इथे उघड्या डोळ्यांनी पाहिलं गेलं होतं. पुढची पायरी म्हणजे भ्रूणाच्या जनुकांत फेरफार. २०१८ मध्ये ‘हे जियानकुई’ नावाच्या चिनी संशोधकाने असे फेरफार केलेल्या जुळ्या मुलींचा जन्म झाल्याचं जाहीर केलं. जगभर निषेध झाला आणि त्याला तुरुंगात जावं लागलं. असा बदल पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरतो, म्हणून भारताच्या मार्गदर्शक तत्त्वांनीही त्याला मज्जाव केला आहे. प्रश्न विम्याचाही आहे. विमा कंपन्यांनी जनुकीय आजारांना सरसकट वगळणं भेदभावाचं आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं.

बाजारात लाळेच्या नमुन्यावरून मुलाचा कल, बुद्धी, खेळातलं भविष्य सांगणाऱ्या चाचण्याही मिळतात. सिकलसेलसारखा एका अक्षराचा आजार आणि उंची, मधुमेह किंवा हुशारी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यांत शेकडो जनुकं, आहार, शिक्षण, परिस्थिती सगळं गुंतलेलं असतं. सिकलसेलमध्येही तेच अक्षर बदललेल्या दोन भावंडांपैकी एक अंथरुणाला खिळतो आणि दुसरा कॉलेजला जातो. एका अक्षराची ही तऱ्हा, तर पुड्यात बांधून विकलेल्या भविष्यावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याने त्याने ठरवावं.

सगळ्यात मोठा गैरवापर मात्र घरातच होतो. तपासणीत वाहक निघालेल्या मुलीची सोयरीक मोडते, मुलाची मोडत नाही. त्या भीतीने घरचे अहवाल लपवतात, लग्न उरकतात आणि दोन वाहक नकळत एकत्र येतात. ज्या ज्ञानाने आजार टळायचा, त्याच्या लाजेपायी तो पुढच्या पिढीत जातो.

सिकलसेलच्या पट्ट्यात तुमचं घर असेल, किंवा तिथून पुण्या-मुंबईला येऊन तुम्ही स्थिरावला असाल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. ती लग्न ठरायच्या आधी करा, आणि मुलगा-मुलगी दोघांचीही करा. अहवालात ‘एएस’ आलं तर घाबरू नका, लपवू नका. जोडीदाराचा अहवाल तेवढा पाहा. ‘एसएस’ आलं तर उपचार त्याच दिवशी सुरू करा. कात्री स्वस्त होऊन गावात येईल तेव्हा येईल. तोवर एकही आजारी बाळ निदानावाचून राहू नये, आणि वाहक आहे म्हणून एकाही मुलीला नकार मिळू नये, एवढं आजच्या ज्ञानात नक्की बसतं.